बाटलीवरची तारीख कुणाची? पाण्याची की बाटलीची?

परवा एसटी स्टँडवर पाण्याची बाटली घेतली. टपरीबाहेर भर उन्हात खोकी रचलेली, बाटली हाताला चटका देणारी. तारीख बघितली तर अजून चार महिने बाकी होते. दुकानदार म्हणाला, "साहेब, पाणी कधी खराब होतं का?"

प्रश्न बरोबर आहे. पण उत्तरासाठी थोडं मागे जावं लागतं.

आपल्याकडे पाणी विकायची रीतच नव्हती. उन्हाळ्यात पाणपोई लागायची, अक्षय्य तृतीयेला पाण्याने भरलेला घट दान करायचे. १९६५ च्या सुमारास बिस्लेरी हे इटालियन नाव मुंबईत आलं, कारखाना ठाण्यात. काचेच्या बाटलीतलं ते पाणी बड्या हॉटेलांपुरतंच होतं. पाणी कोण विकत घेणार, असं लोक हसून म्हणायचे. १९६९ मध्ये पार्लेच्या चौहानांनी हा धंदा अवघ्या ४ लाखांत घेतला. पुढे काच गेली, प्लास्टिक आलं आणि बाटली गावोगावच्या टपरीवर पोचली.

धंदा वाढला, नियम मात्र मागून धावत आले. बाटलीबंद पाण्याला आयएसआय मार्क सक्तीचा झाला तो थेट मार्च २००१ मध्ये. म्हणजे सुरुवातीची ३५ वर्षं आपण विश्वासावरच पीत होतो.

आणि मार्क आला म्हणून सगळं ठीक झालं का? फेब्रुवारी २००३ मध्ये दिल्लीच्या 'सेंटर फॉर सायन्स अँड एन्व्हायर्नमेंट'ने दिल्ली आणि मुंबई भागातल्या बाटल्या तपासल्या. लिंडेन, डीडीटी, मॅलॅथिऑन, क्लोरपायरिफॉस अशी कीटकनाशकं त्यात सापडली. मार्क असलेल्या बाटल्यांतसुद्धा! कारण नियमात आकडाच नव्हता. कीटकनाशक 'आढळू नये' एवढंच लिहिलेलं, आणि तपासणीची पद्धत इतकी ढोबळ की ते आढळणारच नाही. बोंबाबोंब झाली तेव्हा कुठे आकडा आला: एका कीटकनाशकाला लिटरमागे ०.०००१ मिलिग्रॅम, सगळी मिळून ०.०००५. हा नियम १ जानेवारी २००४ पासून लागू झाला.

आता तारखेचं. पाणी दुधासारखं नासत नाही, हे खरंच. अमेरिकेची एफडीए तर बाटलीबंद पाण्याला मुदतच ठरवून देत नाही. मुदत असते ती बाटलीची आणि ठेवणुकीची. पेट प्लास्टिक बनवताना अँटिमनी नावाचा धातू वापरतात, तो हळूहळू पाण्यात उतरतो. अमेरिकेतल्या ॲरिझोनात २००८ साली झालेला अभ्यास सांगतो, की साध्या तापमानात तीन महिन्यांतही फारसा फरक पडत नाही. पण ६५ अंशांवर ३८ दिवसांत आणि ७५ अंशांवर पाच दिवसांच्या आत अँटिमनी तिथल्या मर्यादेबाहेर जातो.

म्हणजे एक दुपार उन्हात राहिलेल्या बाटलीने लगेच विषबाधा होते असं नाही, उगाच घाबरू नका. पण ती तारीख सावलीत, थंड जागी ठेवलेल्या सीलबंद बाटलीची आहे. उन्हाळाभर पत्र्याखाली भाजलेल्या बाटलीला ती लागू नाही. आणि सील तुटलं की तारीख संपली. तोंड लावलेल्या बाटलीत जंतू वाढतात, ती एक-दोन दिवसांत संपवा. तीच बाटली महिनोन्महिने भरून वापरू नका.

लग्नात, ऑफिसात येणारा २० लिटरचा गार जार? अनेकदा त्यावर ना सील, ना तारीख, ना परवाना क्रमांक. बाटलीसाठी भांडून मिळवलेला एकही नियम तिथे दिसत नाही.

अजून एक. ऑक्टोबर २०२४ मध्ये आयएसआय मार्कची सक्ती काढली गेली. नोव्हेंबरमध्ये बाटलीबंद पाणी 'जास्त जोखमीच्या' अन्नात टाकलं, म्हणजे कारखान्याची दरवर्षी तपासणी आली. कागदावर ठीक आहे. प्रत्यक्षात होते का, हे आपणच विचारायचं.

आजवरचा प्रत्येक नियम कुणीतरी ओरडल्यावरच आला. म्हणून सील, तारीख, एफएसएसएआय क्रमांक बघा. उन्हातली बाटली परत करा. जारवाल्याकडे परवाना मागा, नसेल तर अन्न व औषध प्रशासनाकडे तक्रार करा.

तुमच्या भागात जारचं पाणी कुठून येतं, माहीत आहे का? कमेंटमध्ये नक्की लिहा.