माळव्यातील मराठी माजघर आणि तान्ह्याचा कान

१७२८ च्या नोव्हेंबरात अमझेऱ्याच्या रणात माळव्याचे दार मराठ्यांस उघडल्यानंतर पवारांची शिबंदी धारेस व देवासास स्थिरावली, तिच्यामागोमाग फडणीस, कारकून व भिक्षुक कुटुंबकबिल्यासह आले, पुढे देवासची दौलत थोरल्या आणि धाकट्या पातीत वाटली गेली, हा सारा वृत्तांत दप्तरांत जतन झाला. परंतु त्याच कुटुंबांतील तान्ह्यांना दर हिवाळ्यात गाठणारे पडसे, आणि नाक वाहू लागल्यावर दोन-चार दिवसांनी रात्री-अपरात्री उठणारा कानाचा ठणका, यांची नोंद सनदांत वा रुमालांत होण्याचे कारणच नव्हते. ते दुखणे माजघराच्या अखत्यारीतले होते, आणि त्याचा इतिहास आज्यांच्या हातांत राहिला.

मूल किंचाळून उठले की आजी पळीत तिळाचे तेल घेई, त्यात लसणाची पाकळी काळवंडेपर्यंत तळी, तेल मनगटावर टाकून ऊन पाही आणि कोमट असतानाच दोन थेंब कानात सोडून वर कापसाचा बोळा बसवी. कानटोपी, ओव्याची पुरचुंडी आणि वेखंडाचा लेप हे त्याच उपचाराचे उपांग. हा योग अडाणी कल्पनेतून निघालेला नव्हता. कर्णशूळावर लसूण, आले, शेवगा यांचे कोमट रस कानात घालण्याची योजना सुश्रुताने केलेली आहे. आणि ज्या धारानगरीत ही कुटुंबे राहिली, तिच्या भोजराजाच्या नावावर ‘राजमार्तंड’ नावाचा एक वैद्यकीय योगसंग्रहही सांगितला जातो.

मात्र औषधापेक्षा निरीक्षणाचा वारसा मला अधिक मोलाचा वाटतो. नेपाळात सापडलेली आणि १९३८ मध्ये मुंबईच्या निर्णयसागर छापखान्यातून प्रसिद्ध झालेली काश्यपसंहिता बोलता न येणाऱ्या बालकाची वेदना कशी ओळखावी हे सांगताना म्हणते की, ते हातांनी कान चाचपते, डोके जोराने हलवते, त्यास झोप येत नाही आणि अन्न नकोसे होते. आजचा बालरोगतज्ज्ञही आईला नेमके हेच विचारतो.

उणीव होती ती कारणाच्या ज्ञानात. दुखे कान, परंतु व्याधीचे मूळ नाकात असे. सोळाव्या शतकात युस्ताकी या इटालियन शरीरशास्त्रज्ञाने वर्णिलेली, घशाच्या वरच्या भागापासून मध्यकर्णापर्यंत जाणारी नळी तान्ह्यांत आखूड व जवळजवळ आडवी असते. विषाणूंनी घसा सुजला की ती बुजते, पडद्यामागे द्रव साचतो, त्यात नाकातले जंतू वाढतात, पू होतो आणि अखेर पडदा फाटून कान वाहू लागतो. कान फुटला की ठणका थांबे, म्हणून घरातील माणसे सुटकेचा निःश्वास टाकीत. पण फुटलेल्या पडद्यातून तेच तेल आत जाई आणि वाहणे महिनोन्महिने चाले. बाळंतिणीच्या खोलीतील शेगडीचा, चुलीचा आणि धुरीचा धूरही या दुखण्यास खतपाणीच घालीत असे.

पडसे छातीत उतरले तर प्रसंग बिकट. प्रत्येक श्वासागणिक बरगड्यांखालचा भाग आत ओढला जाऊ लागला की ‘डबा’ झाला म्हणत, आणि माळव्या-निमाडच्या खेड्यांत तापल्या लोखंडाने पोटावर डाग देत. १९१८ च्या जूनमध्ये मुंबईत उतरलेल्या इन्फ्ल्युएन्झाने शरद ऋतूत अधिक उग्र होऊन मध्य हिंदुस्थान गाठला, तेव्हा धारेस उदाजीराव आणि देवासच्या थोरल्या पातीस तुकोजीराव गादीवर होते. परंतु इन्फ्ल्युएन्झाचा विषाणू माणसात सापडण्यास १९३३ साल उजाडावयाचे होते आणि त्यावर इलाज कोणाच्याच जवळ नव्हता. डागाची क्रूर प्रथा मात्र आजही पुरती मोडलेली नाही, याचे मला मनस्वी दुःख होते. श्वासासाठी झुंजणाऱ्या अर्भकास त्या चटक्याने वेदनेखेरीज काहीही मिळत नाही, आणि दवाखान्यात जाण्याची मोलाची वेळ जाते.

त्याच माळव्याच्या कोरड्या हवेची ख्याती अशी की, क्षयग्रस्त गायक कुमार गंधर्व १९४८ मध्ये देवासास येऊन राहिले; पण त्यांना बरे होण्यास स्ट्रेप्टोमायसिन लागले. तान्ह्यांच्या बाबतीतही निर्णायक पालट औषधांनीच झाला. इंदुरात १८७८ पासून वैद्यकीय शिक्षण होते, तरी पेनिसिलिन येण्यापूर्वी पू कानामागच्या हाडात शिरला की हाड कोरण्यावाचून मार्ग नसे, आणि तो मेंदूपर्यंत पोहोचला तर बहुधा मूल हाती लागत नसे. पिंपरीस १९५४ मध्ये सरकारी कारखाना उभा राहिल्यावर ते औषध देशातच होऊ लागले; कान व छातीची ही दुखणी आणणाऱ्या न्यूमोकोकस जंतूवरील लस मध्य प्रदेशात २०१८ पासून सरकारी लसीकरणात आली.

वाहत्या कानासाठी सुश्रुताने प्रमार्जन, म्हणजे पुसून कोरडा करणे, सांगितले आहे. तेल घालण्याच्या मोहात माजघराने हा भाग मागे टाकला. आज आरोग्यसेविका आयांना तोच शिकवितात : स्वच्छ सुती कापडाची वात वळावी, कानात ठेवावी, भिजली की बदलावी, आणि कोरडी बाहेर येईपर्यंत दिवसातून तीन वेळा असे करावे, तेल किंवा पाणी आत घालू नये, आणि ताप किंवा कानामागे सूज असेल तर त्याच दिवशी दवाखाना गाठावा.