कानपूरचे लिबरेटर

साल १९४६. कानपूरजवळच्या चकेरी विमानतळावर तुम्ही उभे आहात आणि समोर जे चाललंय ते बघवत नाही. काल-परवापर्यंत उडणाऱ्या बी-२४ लिबरेटर बॉम्बफेकी विमानांवर कुऱ्हाडी चालतायत. कॉकपिटमधल्या तबकड्या फुटतायत, इंजिनांत वाळू ओतली जातेय. ११० फूट पंखांची, चार इंजिनांची ही विमानं अमेरिकेनं ब्रिटनला लेंड-लीज कराराखाली वापरायला दिली होती. युद्ध संपल्यावर ती परत करायची, नाहीतर निकामी करायची, अशी बोली. इतकी विमानं परत कोण नेणार? कुऱ्हाडीनं भागत नाही तिथं बुलडोझर येतो.

पुढे जाऊन त्या माणसांचा हात धरावासा वाटेल. धरू नका. दोन वर्षं पुढे चला.

१९४८. तेच मैदान, तीच विमानं, फक्त गवत वाढलेलं. काश्मीरमध्ये लढाई चालू आहे आणि नव्या भारताकडे एकही जड बॉम्बफेकी विमान नाही. म्हणून बंगळूरच्या हिंदुस्तान एअरक्राफ्टची माणसं पान्यांच्या पेट्या घेऊन इथं उतरली आहेत. ही कंपनी सोलापूरच्या वालचंद हिराचंदांनी १९४० मध्ये उभी केली. महायुद्धात तिथं अमेरिकी विमानांची दुरुस्ती चालायची, त्यामुळे या हातांना लिबरेटर परका नाही.

बाह्या सरसावा. तुमच्या वाट्याला एक इंजिन आलंय. प्रॅट अँड व्हिटनीचं, चौदा सिलिंडरचं, सात-सातच्या दोन चकत्या एकामागं एक. प्रत्येक सिलिंडरला दोन स्पार्क प्लग, म्हणजे एका इंजिनाला अठ्ठावीस आणि अख्ख्या विमानाला एकशे बारा. वाळूचा धाक तुम्हाला आता कळतो. ती तेलात मिसळून बसते, तेलाबरोबर फिरते आणि बेअरिंगपर्यंत पोचली तर चकचकीत पोलादावर चरे पाडते. वरून पुसून काही होत नाही. तेल पूर्ण काढायचं, नळी न् नळी सोडवून धुवायची, बोटानं चाचपायची, आणि जरा कचकच लागली की पुन्हा धुवायची. इंजिन हाताबाहेर गेलंच असेल तर शेजारच्या मोडक्या विमानाकडे जायचं. एकाचं चाक, दुसऱ्याची तबकडी, तिसऱ्याचा पत्रा. जुनी विमानं उडती करणारे आजचे शौकीन मूळ रंगाची छटा शोधण्यात वर्षं घालवतात. त्यांच्याबद्दल मला आदर आहे. पण इथं रंगाला कुणी विचारत नाही. विमानानं एकदा बंगळूर गाठायचं, एवढंच. बाकीचं काम तिथल्या हँगरमध्ये. माझ्या मते विमान जिवंत करण्याची याहून मोठी कामगिरी झालेली नाही.

आता पंख्याचं पातं दोन्ही हातांनी धरा आणि रेटा. बंद पडून असलेल्या इंजिनात खालच्या सिलिंडरमध्ये तेल साचतं. ते तसंच ठेवून स्टार्टर मारला तर सिलिंडर फुटू शकतो. म्हणून आधी हातानं फेरे. एक पातं, दुसरं, तिसरं. खांदे भरून येतात.

मग तुम्ही आत शिरता. बॉम्बकक्षातून पुढे जायची पट्टी जेमतेम वीतभर रुंद; कडेला हात टेकत, पाऊल जपून टाकत जायचं. पेट्रोलचा वास डोक्यात जातो. डाव्या खुर्चीवर कंपनीचे चाचणी वैमानिक जमशेद कैकोबाद मुन्शी बसले आहेत. तिसरं इंजिन खोकतं, निळा धूर सोडतं आणि धरतं. मग चौथं, दुसरं, पहिलं. सगळं विमान थरथरतं. फुटलेल्या पत्र्यावरची ठिगळं कशी टिकतील, हा विचार मनात येतो तोवर चाकांखालची जमीन सुटलेली असते.

बंगळूर दीडेक हजार किलोमीटर. नकाशावर सरळ रेघ ओढली तर ती नागपूरजवळून जाते. तासन् तास तुम्ही फक्त ऐकत राहता. चार इंजिनांच्या घरघरीत कुठे सूर बदलतोय का? पेट्रोल किती उरलंय हे काचेच्या उभ्या नळ्यांत बघायचं. अशी एकामागून एक चाळीसच्या आसपास विमानं मुन्शी आणि त्यांचे सोबती दक्षिणेत नेतात.

२ नोव्हेंबर १९४८ ला हवाईदलाची पाचवी स्क्वाड्रन याच लिबरेटरवर उभी राहते. पुढे लोहगावला या, १९५० च्या दशकात. पुण्यातल्या एका सकाळी सहाव्या स्क्वाड्रनचा लिबरेटर समुद्रावर टेहळणीसाठी निघतोय. कुऱ्हाडीचे घाव खाल्लेली ही विमानं भारताच्या सेवेत १९६८ पर्यंत टिकतात. अमेरिकेनं अठरा हजारांहून जास्त लिबरेटर बांधले आणि युद्धानंतर बहुतेक भंगारात वितळवले. म्हणून मग जगभरच्या संग्रहालयांना भारताची आठवण होते. १९६९ मध्ये एक विमान आपल्याच इंजिनांवर उडत अ‍ॅरिझोनाला जातं. एक लंडनच्या हेंडनमधल्या संग्रहालयात पोचतं.

आणखी एक भारतातच पडून राहतं. १९८१ मध्ये ते इंग्लंडला जातं, तिथून अमेरिकेतल्या कॉलिंग्ज फाउंडेशनकडे. तिथं त्यावर सुमारे ९७,००० तास काम होतं आणि १९८९ मध्ये ते पुन्हा आकाशात जातं.

त्याच्या प्रदर्शनाला आलेल्या गर्दीत तुम्ही शिरा. एक मुलगा आजोबांना विचारतोय, हे कुठलं विमान. टेक्सासमध्ये बांधलेलं, आजोबा सांगतात, आणि ते खरंच आहे. तुम्ही जरा पुढे व्हा आणि त्याला उरलेलं सांगा: कानपूर, वाळू, एकशे बारा प्लग आणि मुन्शींचं नाव. नीट दोनदा सांगा, म्हणजे त्याच्या लक्षात राहील.