आठ खुर्च्यांची संस्था

१९४० च्या हिवाळ्यात भरलेल्या पहिल्या सभेचं छायाचित्र नाही, मुखपृष्ठ आहे. ‘ऑल स्टार कॉमिक्स’चा तिसरा अंक, किंमत दहा सेंट. गोल टेबलाभोवती आठ जण बसलेत. सँडमॅनच्या तोंडावर गॅसचा मुखवटा, डॉक्टर फेटचं डोकं सोनेरी शिरस्त्राणात, स्पेक्टर तर मेलेलाच माणूस. हॉकमॅन पाठीवरच्या पंखांसकट खुर्चीत कसा मावला, हे चित्रकारालाच ठाऊक. बाकीचे चार म्हणजे फ्लॅश, ग्रीन लँटर्न, अ‍ॅटम आणि अवरमॅन. संस्थेचं नाव ‘जस्टिस सोसायटी ऑफ अमेरिका’. अतिमानवांनी एकत्र येऊन काढलेली ही पहिली संस्था.

पहिल्या सभेत काम असं काहीच झालं नाही. मंडळी जेवायला जमली आणि प्रत्येकानं आपापल्या पराक्रमाची गोष्ट सांगितली. जॉनी थंडर आमंत्रण नसताना येऊन बसला. रेड टोर्नेडो, म्हणजे डोक्यावर पातेलं घालून गुंडांना बदडणारी एक गृहिणी, आली आणि विजार फाटल्यामुळे आल्या पावली परत गेली. आपल्याकडच्या मंडळांच्या पहिल्या बैठका याहून फार वेगळ्या नसतात.

टेबलाखालची व्यवस्था मात्र चोख होती. आठांपैकी चौघे एम. सी. गेन्स यांच्या ‘ऑल-अमेरिकन’चे आणि चौघे ‘नॅशनल’चे, म्हणजे दोन भागीदार कंपन्यांनी जागा निम्म्यानिम्म्या वाटून घेतलेल्या. संपादक शेल्डन मेयर आणि लेखक गार्डनर फॉक्स यांनी जो पोटनियम केला, त्यात मला या सगळ्या व्यवसायाची मेख दिसते. ज्या नायकाचं स्वतःच्या नावाचं मासिक निघेल, त्यानं सभासदत्व सोडायचं आणि मानद सभासद व्हायचं. सुपरमॅन आणि बॅटमॅन या नियमाने पहिल्यापासूनच मानद. पहिला अध्यक्ष फ्लॅश. त्याचं मासिक निघालं, तो गेला. मग ग्रीन लँटर्न, तोही त्याच कारणानं गेला. हॉकमॅनचं स्वतंत्र मासिक काही निघेना, म्हणून अध्यक्षपद त्याच्याकडे आलं आणि वर्षानुवर्षं राहिलं. ज्याला दुसरीकडे काम नाही त्याच्या गळ्यात अध्यक्षपद पडतं, हे वाचनालयाच्या कार्यकारिणीत बसलेल्या कुणालाही सांगायला नको.

वंडर वूमन याच ‘ऑल स्टार’च्या आठव्या अंकात पहिल्यांदा वाचकांसमोर आली. १९४२ मध्ये तिला सोसायटीत घेतलं ते चिटणीस म्हणून. रणगाडे उचलून फेकणारी बाई. पण पुरुष सभासद युद्धावर निघाले की हिनं मागे राहून इतिवृत्त लिहायचं. आज वाचताना हसू येतं आणि रागही.

पुढे दोन कंपन्यांच्या मालकांत बिनसलं. १९४५ च्या सुमारास ‘नॅशनल’चे स्पेक्टर आणि नंतर दाखल झालेला स्टारमॅन गोष्टींतून गायब झाले आणि त्यांच्या खुर्च्यांवर फ्लॅश आणि ग्रीन लँटर्न परत येऊन बसले. कथेत याचा खुलासा नाही. युद्ध संपलं, अतिमानवांचा खप घसरला आणि १९५१ मध्ये सत्तावन्नाव्या अंकानंतर त्याच मासिकाचं नाव ‘ऑल स्टार वेस्टर्न’ झालं. सभागृहात घोडेस्वार शिरले. समारोपाची सभासुद्धा झाली नाही.

नऊ वर्षांनी संपादक ज्युलियस श्वार्ट्झ यांनी कुलूप उघडलं. लेखक तेच, फॉक्स. नाव मात्र बदललं. ‘सोसायटी’ म्हटलं की चहापाण्याला जमणारी मंडळी वाटतात, असं श्वार्ट्झ यांचं मत. ‘लीग’ हा शब्द बेसबॉलमुळे पोराटोरांच्या ओळखीचा. ‘द ब्रेव्ह अँड द बोल्ड’च्या अठ्ठाविसाव्या अंकात, १९६० च्या सुरुवातीला, ‘जस्टिस लीग ऑफ अमेरिका’ अवतरली आणि त्याच वर्षी तिचं स्वतंत्र मासिकही निघालं. सभासद सात. पहिला शत्रू स्टारो, अवाढव्य तारामासा. कचेरी ऱ्होड आयलंडमधल्या हॅपी हार्बर गावाजवळच्या गुहेत. दहा वर्षांनी ती पृथ्वीपासून २२,३०० मैलांवरच्या उपग्रहात हलवली. संस्थेनं इमारत बांधली की तिचे दिवस बरे चालले आहेत असं समजावं.

सात-आठ नायक आणि पानं मोजकी, हे गणित फॉक्स यांनी सोसायटीपासूनच बसवलेलं होतं. पहिल्या प्रकरणात सगळे एकत्र, मग एकेकट्याला (पुढे लीगमध्ये दोघा-तिघांच्या तुकड्या करून) वेगवेगळ्या दिशांना पाठवायचं, शेवटी पुन्हा एकत्र. सुपरमॅन असताना बाकीच्यांची गरजच काय, या प्रश्नाला त्यांचं उत्तर साधं होतं: त्याला दुसऱ्या गावाला पाठवा. या ठराविक साच्याला कंटाळवाणं म्हणणारे म्हणतात. मला त्यात पंगतीत वाढणाऱ्याचं कसब दिसतं. प्रत्येक पानावर प्रत्येक पदार्थ पडलाच पाहिजे.

जुन्या आठांचं काय झालं, हे विचारणारे वाचक होतेच. जेरी बेल्स नावाचे प्राध्यापक श्वार्ट्झ यांना पत्रांमागून पत्रं लिहीत. १९६१ च्या ‘फ्लॅश’मध्ये फॉक्स यांनी तोड काढली: जुने नायक दुसऱ्या पृथ्वीवर राहतात. लीगमधल्या नव्या फ्लॅशनं जुन्या फ्लॅशची कॉमिक्स लहानपणी वाचलेली असतात, आणि ती लिहिणारा गार्डनर फॉक्स नावाचा लेखक दुसऱ्या पृथ्वीवरच्या घटना स्वप्नात बघत असणार, असं ते पात्रच सांगतं. १९६३ च्या उन्हाळ्यात लीग आणि सोसायटी यांची पहिली संयुक्त गोष्ट दोन अंकांत आली. मग ती वार्षिक प्रथाच पडली. तिसरी पृथ्वी आली, चौथी आली, आणि सभासदांची वही फुगत गेली.

शेजारी मार्व्हलनं १९६३ मध्ये ‘अ‍ॅव्हेंजर्स’ काढलं. तिथे हल्क दुसऱ्याच अंकात राजीनामा देऊन निघून गेला. सोळाव्या अंकापर्यंत संस्थापकांपैकी कुणीच उरलं नाही, कारण त्यांच्या स्वतंत्र गोष्टींशी वेळापत्रक जुळेना. १९४० चाच पोटनियम, फक्त कुणी लिहून ठेवला नव्हता.

फॉक्स यांचा निरोप मात्र अहवालात सहसा सापडत नाही. १९६८ च्या सुमारास त्यांनी आणि काही जुन्या लेखकांनी ‘नॅशनल’कडे आरोग्यविम्यासारख्या सवलती मागितल्या. नंतर त्यांना तिथे काम मिळेनासं झालं. अतिमानवांची एकजूट लिहिणाऱ्या माणसाची ही कथा.

१९८५ हे डीसीचं, म्हणजे पूर्वीच्या ‘नॅशनल’चं, सुवर्णमहोत्सवी वर्ष. सुवर्णमहोत्सवात लोक स्मरणिका काढतात, यांनी जुनं दप्तरच जाळायला काढलं. ‘क्रायसिस ऑन इन्फिनिट अर्थ्स’, बारा अंक, लेखक मार्व्ह वुल्फमन, चित्रकार जॉर्ज पेरेझ. हेतू स्वच्छ होता: इतक्या पृथ्व्यांचा हिशेब नव्या वाचकाला लागत नाही, तर एकच पृथ्वी ठेवू. त्यासाठी १९३५ पासूनचे अंक वाचून टिपणं काढायला माणूस नेमला होता. सातव्या अंकाचं मुखपृष्ठ बघा. सुपरमॅनच्या हातांवर सुपरगर्लचं शव, अंगावरचा पोशाख फाटलेला, त्याचं तोंड आक्रोशानं उघडं, आणि मागे नायकांची गर्दी. पेरेझ यांची खासियत ही, की त्या गर्दीत कुणी नुसतं डोकं होऊन उभं नाही; प्रत्येकाची ठेवण वेगळी. पुढच्या अंकात नवा फ्लॅश गेला. १९८६ मध्ये रॉय थॉमस यांनी सोसायटीच्या ज्येष्ठांना कधीच न संपणाऱ्या लढाईत धाडून दिलं. सेवानिवृत्तीचा याहून निर्दय ठराव माझ्या वाचनात नाही. तोही टिकला नाही. काही वर्षांतच ज्येष्ठ परतले आणि पुसलेल्या पृथ्व्याही पुढे हळूहळू उगवल्या.

पेरेझ यांचं एक काम त्याआधीच अडकलं होतं. १९८३ मध्ये लीग आणि अ‍ॅव्हेंजर्स यांच्या एकत्रित गोष्टीची एकवीस पानं त्यांनी काढली होती. दोन कंपन्यांचं कथानकावर जमेना, म्हणून ती कपाटात गेली. गोष्ट निघाली २००३ मध्ये, कर्ट ब्यूसिक यांच्या लेखणीतून, नव्यानं. तिच्या तिसऱ्या अंकाचं मुखपृष्ठ मागच्या पानापर्यंत पसरलेलं आहे, आणि त्यावर दोन्ही संस्थांचे तोवरचे सगळे सभासद आहेत, दोनशेच्या वर. १९४० मध्ये आठ खुर्च्या लागल्या होत्या. इथे उभं राहायलाही जागा नाही, तरी भिंग घेऊन बसलात तर एकेकाचं नाव सांगता येतं.

हक्कांच्या गुंत्यामुळे ते पुस्तक पुढे वर्षानुवर्षं बाजारात नव्हतं. २०२१ च्या अखेरीस पेरेझ यांनी आपल्याला स्वादुपिंडाचा कर्करोग असल्याचं जाहीर केलं. मग दोन्ही कंपन्यांनी परवानगी दिली आणि गरजू कॉमिक्सकारांना मदत करणाऱ्या ‘हीरो इनिशिएटिव्ह’नं २०२२ च्या मार्चमध्ये ७,००० प्रती काढल्या. त्या हां हां म्हणता संपल्या. पेरेझ ६ मे रोजी गेले.