चळवळ शिकवता येते काय?

१९०५ साली पुण्यात विदेशी कापडाची होळी झाली. तीत पुढाकार घेतल्याबद्दल फर्ग्युसन कॉलेजातील विनायक दामोदर सावरकर या विद्यार्थ्यास दहा रुपये दंड झाला आणि वसतिगृहातून काढून टाकण्यात आले. कॉलेजने शिकवावे आणि चळवळ वेशीबाहेर राहावी, अशी त्या काळच्या शिक्षणसंस्थांची धारणा होती.

स्वातंत्र्यानंतर विचार पालटला. १९५९ साली चिंतामणराव देशमुखांच्या समितीने अशी शिफारस केली की, महाविद्यालयात जाऊ इच्छिणाऱ्या प्रत्येकाने आधी नऊ महिने ते एक वर्ष राष्ट्रसेवा करावी. ही सक्ती काही अमलात आली नाही. पण २४ सप्टेंबर १९६९ रोजी, गांधी जन्मशताब्दीच्या निमित्ताने, ३७ विद्यापीठांतील ४०,००० विद्यार्थ्यांना घेऊन राष्ट्रीय सेवा योजना सुरू झाली. आपल्यापैकी पुष्कळांनी तिच्या शिबिरांत घमेली उचलली असतील. त्या श्रमांचे मोल आम्ही कमी लेखीत नाही. परंतु एक प्रश्न उरतोच. गावाला पाणी नाही म्हणून बंधारा घातला; पण पाणी का नाही, ते देण्याची जबाबदारी कोणाची होती आणि त्याला ती पार पाडावयास कशी लावावी, हे विद्यार्थ्याने कोठे शिकावे?

हे वर्गात शिकवता येईल काय, याचा एक प्रयोग अमेरिकेत झाला. कॅलिफोर्नियातील सॅन होजे हे संगणकउद्योगाने श्रीमंत झालेले शहर. तेथील सरकारी विद्यापीठाला चळवळीचा वारसा आहे. १९६८ च्या मेक्सिको ऑलिंपिकमध्ये पदक घेताना मूठ उंचावून वर्णभेदाचा निषेध करणारे टॉमी स्मिथ आणि जॉन कार्लोस याच विद्यापीठाचे धावपटू. याच ठिकाणी समाजशास्त्राचे प्राध्यापक स्कॉट मायर्स-लिप्टन यांनी 'सामाजिक कृती' हा विषय शिकवावयास घेतला. त्याची रचना समजून घेण्यासारखी आहे. प्रश्न विद्यार्थ्यांनी निवडायचा. मग मागणी नेमक्या शब्दांत मांडायची. ती मान्य करण्याचा अधिकार कोणाच्या हाती आहे ते शोधायचे. सोबती कोण, विरोधक कोण याचा अदमास घ्यायचा. आणि त्यानंतर पुस्तक मिटून खरोखर कामाला लागायचे.

एक विद्यार्थिनी, शाळा सुटल्यानंतर मुलांना सांभाळणाऱ्या एका उपक्रमात नोकरी करीत असे. तेथे मिळणारा खाऊ काही मुले खिशात घालून घरी नेत, हे तिच्या ध्यानात आले. घरात पुरेसे अन्न नव्हते. आणि आईबाप रिकामे बसलेले नव्हते. ते कामावर जात होते! त्या वेळी तेथे किमान वेतन ताशी आठ डॉलर होते. जवळच्या सॅन फ्रान्सिस्कोच्या मतदारांनी २००३ साली आपल्या शहरापुरते वेगळे किमान वेतन ठरवून घेतले होते. आपल्या शहरात ते का होऊ नये, असा प्रश्न वर्गात उभा राहिला.

कॅलिफोर्नियात १९११ पासून अशी सोय आहे की, नागरिकांनी ठराविक संख्येने सह्या गोळा केल्यास कायद्याचा मसुदा थेट मतदारांपुढे ठेवता येतो. विद्यार्थ्यांनी हा मार्ग धरला. कामगार संघटना आणि सेवाभावी संस्था त्यांना येऊन मिळाल्या. तीस हजारांवर सह्या झाल्या. व्यापाऱ्यांच्या मंडळाने आणि खुद्द महापौरांनी विरोध केला. वेतन वाढले तर नोकऱ्या कमी होतील, हे त्यांचे म्हणणे होते. ते हसण्यावारी नेण्यासारखे नव्हते, अर्थशास्त्रात तो वाद अजून मिटलेला नाही. अखेर नोव्हेंबर २०१२ मध्ये मतदान झाले आणि मसुदा स्पष्ट बहुमताने मंजूर झाला. ११ मार्च २०१३ पासून ताशी किमान वेतन दहा डॉलर झाले आणि महागाईबरोबर ते दरवर्षी वाढावे, अशीही तरतूद झाली.

आता कोणी म्हणेल, उद्या प्राध्यापक आपल्या पक्षाचा झेंडा मुलांच्या हाती देतील, त्याचे काय? ही शंका रास्त आहे. म्हणूनच प्रश्न निवडण्याचा हक्क विद्यार्थ्याचा असणे, हा या रचनेचा कणा आहे असे आम्ही मानतो. ज्याला वर्गाची मागणी पटत नाही, त्याला विरोधी बाजू अभ्यासून मांडता आली पाहिजे आणि त्यापायी त्याचे गुण कमी होता कामा नयेत. गुण विजयाला द्यावयाचे नाहीत. हरलेल्या मोहिमेतूनही माणूस शिकतो. गुण द्यावयाचे ते तयारीला, पुराव्याला आणि झालेल्या चुका ओळखण्याला. दुसरी अडचण वेळेची. सत्र चार महिन्यांत संपते, समाजाचे प्रश्न संपत नाहीत. सॅन होजे येथेही काम सत्राबाहेर गेले. परीक्षा झाल्यावरही मुले टिकून राहिली, म्हणून ते तडीस गेले.

आपल्याकडे मतदारांपुढे थेट कायदा ठेवण्याची सोय नाही. परंतु ग्रामसभा आहे, नगरपालिकेची सभा आहे, २००५ पासून माहितीचा अधिकार आहे. २०२० च्या शैक्षणिक धोरणानंतर महाराष्ट्रातील पदवी अभ्यासक्रमांत समाजातील कामाला श्रेयांकही मिळू लागले आहेत. ते श्रेयांक केवळ हजेरीपट आणि छायाचित्रे यांवर वाटले जाणार, की आपल्या वॉर्डातला नळ कोरडा का, याचा छडा लावून तो वाहता करण्याच्या खटपटीला मिळणार, हे ठरविणे आपल्या हाती आहे. ज्या कामासाठी एके काळी विद्यार्थ्याला वसतिगृह सोडावे लागले, ते काम आता वर्गात शिकवण्याची संधी आली आहे. ती दवडू नये, एवढेच आमचे सांगणे आहे.