चित्रसंकेत विभाजक व निवडक

चित्रसंकेत विभाजक व निवडक : दृक्‌श्राव्य मांडणीत चित्रसंकेतांची अनुक्रमे वाटणी व निवड करणारी विद्युत् साधने. एका उगमाकडून आलेला संकेत एकाच वेळी अनेक पडद्यांकडे पाठविणाऱ्या साधनास विभाजक किंवा स्प्लिटर आणि अनेक उगमांपैकी इष्ट तेवढाच संकेत पडद्याकडे जाऊ देणाऱ्या साधनास निवडक किंवा स्विचर म्हणतात. दोहोंची बाह्य रूपे पुष्कळदा सारखीच, म्हणजे काही खाचा असलेल्या पेटीची असतात. त्यामुळे एकाच्या जागी दुसरे घेण्याची चूक वारंवार होते. त्यांची कार्ये मात्र परस्परविरुद्ध आहेत. विभाजकात उगम एक व ग्राहक अनेक, तर निवडकात उगम अनेक व ग्राहक एक असतो. दोन्ही कार्ये करणाऱ्या साधनास जालक निवडक किंवा मॅट्रिक्स स्विचर म्हणतात.

पूर्वेतिहास : अनेक वाटांपैकी एक वाट निवडण्याचा प्रश्न प्रथम दूरध्वनीच्या क्षेत्रात सोडविला गेला. अमेरिकेतील आल्मन स्ट्रोजर यांना स्वयंचलित दूरध्वनी निवडकाचे एकस्व १८९१ मध्ये मिळाले. आडव्या व उभ्या वाहकांच्या छेदबिंदूंवर जोडणी करणारी ‘क्रॉसबार’ पद्धत त्यानंतर आली व पुढे चित्रसंकेतांच्या जालक निवडकांनी तीच कल्पना स्वीकारली. चित्रसंकेतांना ध्वनिसंकेतांपेक्षा फार मोठा कंप्रतापट्ट लागत असल्याने दूरध्वनीच्या साध्या तारा त्यांना पुरेशा नव्हत्या. बेल कंपनीतील लॉइड एस्पेनशीड व हर्मन ॲफेल यांनी समाक्ष केबलीच्या ज्या पद्धतीचे एकस्व १९३१ मध्ये मिळविले, तिने ही अडचण दूर केली.

ब्रिटिश ब्रॉडकास्टिंग कॉर्पोरेशनने लंडनमधील अलेक्झांड्रा पॅलेस येथून २ नोव्हेंबर १९३६ रोजी नियमित दूरचित्रवाणी सेवा सुरू केली. १२ मे १९३७ रोजी सहाव्या जॉर्ज राजांच्या राज्यारोहणाची मिरवणूक हाइड पार्क कॉर्नर येथून तीन कॅमेऱ्यांनी दाखविण्यात आली. कॅमेरे तीन व प्रेक्षकांपुढे जाणारे चित्र एक, ही स्थिती आली, की निवडक अपरिहार्य ठरतो. कोणते चित्र लोकांपुढे जावे याचा निर्णय त्याच्या कळीवर होतो. उलट, स्टुडिओतील एकच चित्र प्रेषकाकडे, निर्मात्याच्या पडद्याकडे व तंत्रज्ञाच्या मापनयंत्राकडे एकाच वेळी न्यावे लागते. तेथे विभाजक लागतो.

विभाजकाचे कार्यतत्त्व : समाक्ष केबलीवरील संयुक्त चित्रसंकेताचा शिखर-ते-शिखर विद्युत् दाब १ व्होल्ट व संरोध ७५ ओहम असावा, असे प्रमाण रूढ झाले. केबलीच्या शेवटी ७५ ओहमचाच भार नसेल, तर संकेताचे परावर्तन होऊन चित्राशेजारी त्याची पुसट छाया उमटते. एकाच केबलीस दोन पडदे सरळ जोडल्यास भार ३७·५ ओहम होतो आणि संकेत १ व्होल्टवरून सु. ०·६७ व्होल्टपर्यंत उतरतो. चित्र काळवंडते व काही वेळा स्थिरही राहत नाही. प्रत्येकी २५ ओहमचे तीन रोधक ताऱ्याच्या आकारात जोडले, तर संरोध जुळतो. परंतु प्रत्येक वाटेस निम्माच विद्युत् दाब मिळतो. यावर उपाय म्हणून वितरण विवर्धक प्रचारात आला. तो संकेताचा दाब दुप्पट करून प्रत्येक निर्गमास स्वतंत्र ७५ ओहमच्या रोधकातून देतो. त्यामुळे प्रत्येक पडद्यास पूर्ण १ व्होल्ट मिळतो व एका वाटेतील बिघाडाचा परिणाम दुसरीवर सहसा होत नाही.

प्रक्षेपित संकेताच्या वाटणीतही हाच प्रश्न होता. अमेरिकेत १९४८ च्या सुमारास ऑरेगन राज्यातील ॲस्टोरिया व पेनसिल्व्हेनियातील महानॉय सिटी यांसारख्या दूरच्या गावी उंचावर आकाशक उभारून तेथून घरोघर केबल नेण्यास प्रारंभ झाला. निष्क्रिय विभाजकाने दोन वाटा केल्या, की प्रत्येकीस फार तर निम्मी शक्ती मिळते. म्हणजे किमान ३ डेसिबलची घट होते. म्हणून ठराविक अंतरावर विवर्धक बसवावे लागत. महाराष्ट्रात या गोष्टीचा अनुभव प्रथम मुंबईत आला. मुंबई दूरचित्रवाणी केंद्र २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झाले होते. १९८० नंतरच्या दशकात तेथील बहुमजली इमारतींत एकाच ठिकाणी व्हिडिओ कॅसेट यंत्र ठेवून समाक्ष केबलीने बिऱ्हाडोबिऱ्हाडी चित्रपट दाखविले जाऊ लागले. विवर्धन न करता वाटण्या वाढत गेल्या, की शेवटच्या घरातील चित्रावर पांढरे ठिपके दिसत. बोलीत त्यांस ‘मुंग्या’ म्हणत. अशा जाळ्यांचे नियमन करणारा केंद्रीय कायदा १९९५ मध्ये झाला.

निवडकाचे कार्यतत्त्व : दोन उगमांची क्रमवीक्षणे एकाच लयीत नसतील, तर एकावरून दुसऱ्यावर जाताना पडद्यावरील चित्र उभे सरकते किंवा फाटते. यासाठी स्टुडिओतील सर्व कॅमेरे एकाच समकालिक स्पंदाशी बांधून घेतले जातात आणि बदल दोन चित्रक्षेत्रांमधील रिकाम्या अवकाशात केला जातो. ६२५ रेषांच्या पद्धतीत एका रेषेस ६४ मायक्रोसेकंद लागतात व प्रत्येक क्षेत्रामागे सु. २५ रेषा रिकाम्या असतात. म्हणजे हा अवकाश सु. १·६ मिलिसेकंदांचा असतो. एवढ्या काळात यांत्रिक कळ विश्वासाने हलविणे कठीण असल्याने निवडकांत इलेक्ट्रॉनीय मंडले आली.

घरगुती निवडकांची सुरुवात साधी होती. १९७२ मध्ये अमेरिकेत विक्रीस आलेल्या ‘मॅग्नाव्हॉक्स ओडिसी’ या खेळयंत्रासोबत आकाशक किंवा खेळ यांपैकी एक निवडणारी पेटी दिली जाई. खेळाचा संकेत आकाशकात शिरून शेजारच्या ग्राहींना उपद्रव होऊ नये, हेही तिचे काम होते. १९७० नंतरच्या दशकाच्या उत्तरार्धात फ्रान्समध्ये तयार झालेल्या २१ टाचण्यांच्या ‘स्कार्ट’ जोडणीत एका टाचणीवरील विद्युत् दाबामुळे दूरचित्रवाणी संच आपोआप बाह्य उगमाकडे वळे.

अंकीय काळातील स्थित्यंतर : डिसेंबर २००२ मध्ये जाहीर झालेल्या एचडीएमआय प्रमाणाने विभाजक व निवडक या दोहोंचे स्वरूप पालटले. जुना संकेत एकाच दिशेने वाहत असे. पडदा कोणता आहे हे उगमास ठाऊक नसे. नव्या पद्धतीत पडदा आपली क्षमता ‘ईडीआयडी’ या माहितीतक्त्याद्वारे उगमास कळवितो. विभाजकास दोन भिन्न क्षमतांचे पडदे जोडल्यास कोणाचे म्हणणे उगमास सांगावे, असा पेच पडतो. बहुधा दोघांस झेपेल एवढेच सूक्ष्म चित्र दोघांस मिळते. चांगल्या विभाजकांत प्रत्येक पडद्यासाठी चित्राचे स्वतंत्र रूपांतर होते.

दुसरा बदल अधिक दूरगामी आहे. ‘एचडीसीपी’ या संरक्षण पद्धतीत उगम प्रत्येक पडद्याची अधिकृतता तपासतो व तीत न बसणाऱ्या पडद्यास संरक्षित चित्र देत नाही. त्यामुळे विभाजकाला एका बाजूस ग्राही व दुसऱ्या बाजूस उगम अशी दुहेरी भूमिका घ्यावी लागते. नक्कल रोखणे हा तिचा उद्देश. तथापि रीतसर विकत घेतलेली चित्रफीत जुन्या प्रक्षेपकावर दाखवू पाहणाऱ्या शाळेलाही तिची झळ लागते. या पद्धतीची मूळ किल्ली २०१० मध्ये उघड झाली, तरी पद्धत वापरात राहिली. निवडकातही प्रत्येक बदलानंतर ही तपासणी नव्याने झाल्यास पडदा काही सेकंद काळा राहतो. जे काम जुन्या स्टुडिओत १·६ मिलिसेकंदांत उरके, त्यास घरगुती साधनात असा विलंब लागावा, हा या इतिहासातील विरोधाभास होय.

निवडीची तत्त्वे : कोणते साधन घ्यावे हे ठरविताना प्रथम उगम व एकाच वेळी चालणारे पडदे मोजावेत. उगम एक व पडदे अनेक असल्यास विभाजक, उगम अनेक व पडदा एक असल्यास निवडक आणि दोन्ही अनेक असून प्रत्येक पडद्यावर वेगळे चित्र हवे असल्यास जालक निवडक घ्यावा. जालकातील छेदबिंदू उगम व पडदे यांच्या गुणाकाराइतके असतात. चार उगम व दोन पडदे यांस आठ छेदबिंदू लागतात व त्या प्रमाणात खर्च वाढतो. विवर्धकयुक्त विभाजक उलटा जोडून त्याचा निवडक होत नाही, कारण त्यातील विवर्धक एकाच दिशेने काम करतात. यांनंतर केबलीची लांबी, साधनाची संकेतवहनक्षमता व संरक्षण पद्धतीची आवृत्ती पाहावी. एचडीएमआयच्या २०१३ मधील २·० आवृत्तीची क्षमता सेकंदास १८ गिगॅबिट, तर २०१७ मधील २·१ आवृत्तीची ४८ गिगॅबिट आहे. साखळीतील सर्वांत दुबळा दुवा संपूर्ण साखळीची मर्यादा ठरवितो. शस्त्रक्रियागृहासारख्या ठिकाणी शस्त्रवैद्याच्या पडद्याची वाट शक्य तेवढी थेट ठेवून विद्यार्थ्यांच्या पडद्यांसाठी वेगळी शाखा काढणे श्रेयस्कर असते, कारण मध्ये बसविलेले प्रत्येक साधन बिघाडाची एक जागा वाढविते.

दूरचित्रवाणी केंद्रांत २०१७ नंतर प्रसृत झालेल्या ‘एसएमपीटीई २११०’ प्रमाणांनुसार चित्रसंकेत संगणकजालातून पुड्यांच्या रूपात वाहून नेले जातात. तेथे एकाच प्रवाहाच्या प्रती मागेल त्या ग्राहीस जालच पुरविते. म्हणजे वाटणी व निवड ही दोन्ही कामे एकाच यंत्रणेत मिळून जातात. तथापि चित्र किती जणांनी पाहावे व कोणते पाहावे, हे दोन प्रश्न वेगळेच राहतात आणि मांडणी करणाऱ्यास त्यांची उत्तरे प्रथम द्यावी लागतात.