युद्धनौका : इतिहासाचे साधन
लष्करी इतिहासाच्या अभ्यासात कागदपत्रांइतकेच प्रत्यक्ष वस्तूंनाही महत्त्व आहे. १९६९ मध्ये नौदलात दाखल झालेली ‘कुरसुरा’ ही पाणबुडी २००१ मध्ये निवृत्त झाली व २००२ पासून विशाखापट्टणमच्या किनाऱ्यावर संग्रहालयरूपाने जतन करण्यात आली. तिच्या अरुंद अंतर्भागातून नौसैनिकांच्या खडतर जीवनाची जी कल्पना येते, ती अहवालांतून येत नाही. याउलट, १९७१ च्या युद्धात बंगालच्या उपसागरात कामगिरी बजावणारी ‘विक्रांत’ ही विमानवाहू नौका १९९७ मध्ये निवृत्त झाल्यानंतर मुंबईत संग्रहालय बनली. परंतु ते २०१२ मध्ये बंद झाले आणि २०१४ मध्ये नौका भंगारात निघाली. इतिहासाचे एक अस्सल साधन त्यामुळे हरपले. म्हणूनच संग्रहालय उभारतानाच त्याच्या निरंतर देखभालीची आर्थिक तरतूद होणे अगत्याचे आहे.