अकलूजच्या कालव्यावर बदक का रुजले नाही

नीरेकाठच्या अकलूजला पाण्याची ददात नाही. भाटघरचे धरण १९२८ मध्ये पुरे झाले, पुढे नीरेचा उजवा कालवा माळशिरस तालुक्यात उतरला आणि शिवार पालटले. तरी बदकपालन हा इथला धंदा झाला नाही. आपल्याकडे बदकाचे अंडे कोणी खात नाही, असे त्याचे कारण सांगतात. पण जिभेच्या सवयी पुरवठ्यामागून येतात. खरे कारण खाद्याच्या हिशोबात आहे. बदक जिथे रुजले तिथे त्याला दाणा विकत घालावा लागला नाही. केरळच्या कुट्टनाडात चारा आणि चेंबल्ली जातींचे कळप भातकापणीनंतर एका खाचरातून दुसऱ्यात हाकले जातात; सांडलेले भात, गोगलगाई आणि किडे यांवर त्यांचे बरेचसे पोट भरते. मालकाची गाठ पडते ती फक्त मधल्या महिन्यांशी. सोलापूरची ज्वारी मात्र रब्बीची, कोरड्या रानातली. खळ्यावर आणि उकिरड्यावर सांडलेला दाणा उकरून खाणे कोंबडीला जमते, चपट्या चोचीच्या बदकाला नाही. कालव्याने पाणी आणले, पण त्यासोबत आला ऊस: माळीनगरचा सासवड माळी कारखाना १९३२ चा, श्रीपूरचा १९३४ चा. आडसाली ऊस दीड वर्ष उभा राहतो आणि तोडणीनंतर रानात एक दाणाही सांडत नाही. पाणी आहे, पण त्यात सांडलेले धान्य नाही, ही बदकाच्या दृष्टीने अर्धीच सोय.

मग कोकणात भात असूनही असे मोठे कळप का नाहीत, असा आक्षेप येईल. तिथली बरीचशी खाचरे उताराची. पावसाळा सरला की ती लवकर आटतात, आणि कुट्टनाडासारखे वर्षभराचे पाणथळ रान मागे उरत नाही. दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे: आजची कोंबडीही विकतच्या खाद्यावरच जगते, आणि खाकी कॅम्पबेल बदकीण वर्षाला तीनशेच्या आसपास अंडी देऊन तिची बरोबरी करते. खरे आहे, अंडेही मोठे असते. पण बांधून पाळलेल्या कॅम्पबेलला दिवसाला १२० ग्रॅमच्या वर खाद्य लागते, शिवाय ती चोचभर खाद्य पाण्यात नेऊन सांडते. अंड्याच्या खर्चात साठ-सत्तर टक्के वाटा खाद्याचाच असतो, तेव्हा ही नासाडी परवडत नाही. कोंबडीमागे पिंजरे, तयार खाद्य आणि १९८२ पासून अंड्याचा भाव सुचवणारी समन्वय समिती उभी राहिली. बदकामागे असे काही नव्हते. त्यात सोलापूरकडचे हाताशी असलेले प्रथिन म्हणजे शेंगपेंड, आणि तिच्यावरच्या बुरशीचे विष बदकाच्या पिलांना सर्वांत लवकर बाधते. इंग्लंडमध्ये १९६० साली अशाच पेंडीने टर्की हजारोंनी मेल्या, तेव्हा बदकाची पिलेही दगावली. पुढे हे विष तपासायला तीच पिले वापरली गेली. स्वस्त पेंड इथे खरोखर महाग पडते.

आता हौसेने बदके पाळणाऱ्यांच्या खर्चाचे मूळही इथेच आहे. पांढरे पेकिन मांसासाठी वाढवलेले, झपाट्याने वजन धरणारे. ते भरपूर खाते. मस्कोव्ही गवत-पाल्यावर अधिक चरते, म्हणून मोकळे रान असेल तर तीच परवडते. पिलांना कोंबडीपेक्षा नायसिन अधिक लागते. नुसत्या मक्याच्या भरड्यावर वाढवली तर पाय अधू होतात. थोडे यीस्ट आणि अझोला घातला तर पोत्यातले खाद्य बरेच दिवस पुरते, आणि अझोल्याला लागणारे पाणी अकलूजच्या पाटात आहेच.